साळुंकगडावरचं न्हाणं

वैशाखातला दिवस उजाडत होता, पण त्याला आवाज नव्हता. ज्या साळुंक्यांवरून गडाला नाव पडलं, त्या गेल्या पंधरवड्यात एकेक करून कुठेतरी उडून गेल्या होत्या. आणि पाखरं गड सोडतात तेव्हा गडावर काय सरत आलेलं असतं, हे तटावरच्या प्रत्येकाला ठाऊक असूनही कुणी ते तोंडाने बोलत नव्हतं. खाली, चौथ्या महिन्यात शिरलेल्या वेढ्याच्या छावणीतून धुराचे उभे खांब वर चढत होते, आणि त्या धुरातून वाट काढत, पांढरं निशाण धरलेल्या एका प्याद्याच्या मागोमाग, एक बाई कड्याची चढण चढत होती.

ही चिमाक्का. गडाखालच्या पेठेतली सुईण. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी, कमरेला हळद-वेखंडाची पुरचुंडी बांधलेली. चार पावलं टाकली की ती मागे वळून बघे. मागे, छावणीतल्या एका राहुटीत, तिची लेक पारू होती. पोटुशी, आठवा सरून नववा महिना लागलेली.

काल दुपारी मीर सआदत बेगाने तिला शामियान्यात बोलावून घेतलं होतं. बादशाही फौजेचा हा सरदार उंचापुरा, मृदू बोलणारा, दाढीला मेंदी लावणारा. आणि त्याच्या त्या मृदू बोलण्याचीच चिमाक्काला जास्त भीती वाटली होती.

"गडावरून सुईण मागितली आहे, बाई. तुमचे किल्लेदार हिरोजीराव तोफेखाली पडले, आता त्यांच्या कबिल्याचे दिवस भरले आहेत. आमचं झगडणं तटाशी आहे, बाळंतिणीशी नाही. खुशाल जा. सहाव्या दिवशी परत या आणि टाक्यांत पाणी किती, तेवढं सांगा. तोवर लेक आमच्याकडे राहील. तिला काही कमी पडणार नाही." मग पारूच्या पोटाकडे बोट दाखवून तो आणखी मृदूपणे म्हणाला होता, "जबाब मात्र इथे हात ठेवून द्यायचा."

चिमाक्काच्या आईने तिला ही विद्या देताना एकच गोष्ट बजावली होती. गरभारणीच्या पोटावर हात ठेवून खोटं बोलायचं नाही. खोटं बोललेल्या हाताला बाळाचं डोकं लागत नाही.

दिंडी दरवाजा हातभर उघडला. आत बंदूक घेऊन उभी होती ती तुळसा नाईकीण. महिन्यापूर्वीच्या छाप्यात निम्मी शिबंदी कापली गेल्यावर गडावरच्या एकतीस बायकांनी अंगरखे चढवले होते, आणि त्यांची नाईकी तुळसाकडे आली होती.

"झडती घ्यावी लागेल, आक्का."

"घे की. गुडघेदुखी सापडली तर ठेवून घे."

तुळसा हसली, पण डावा हात तिने अंगाशी धरूनच ठेवला होता. चिमाक्काने ते पाहिलं.

"हाताला काय झालं?"

"दगड उचलला तटावर."

"दगड उचललेला हात असा नसतो, बाई. तान्हं जाऊन किती दिवस झाले?"

तुळसाचं हसू जागच्या जागी विरलं. "वीस," ती म्हणाली. अंगरख्याखाली तिने छाती करकचून बांधली होती. दूध साकळून डावीकडे दगडासारखी गाठ झाली होती आणि अंगात ज्वर मुरला होता.

"वैद्यबुवांना सांगितलंस?"

"काय सांगू? ते मनगटाला दोरा बांधून पडद्याआडून नाडी बघतात. दोऱ्यावरून कळतं होय हे?"

चिमाक्का बालेकिल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत चार जणींनी तिचा पदर ओढला. एकीचं अंगावरून जाणं महिनाभर थांबलं नव्हतं. एक जण ओटीपोट धरून तोफेला गोळे देत होती. दारूखान्याच्या यादीत गंधक होतं, शिसं होतं, तलवारीच्या जखमेवरचा मलमसुद्धा होता. पण या एकतीस जणींना काय लागेल, ते कुठल्या यादीत कुणी लिहिलंच नव्हतं. जाता जाता तिने टाकीही पाहिली. मोठं टाकं तळाला भेगाळलेलं. धाकट्यात गुडघाभर गढूळ पाणी. माणशी रोज एक तांब्या धरला तर नऊ दिवसांचं.

किल्लेदारीण अंबूबाई उणीपुरी बावीस वर्षांची. पहाटेपासून कळा देत होती, आणि दोन कळांच्या मधल्या वेळात कुठल्या बुरुजावर किती बायका ठेवायच्या ते तुळसाला सांगत होती.

"बाईसाहेब, बुरूज राहू द्या," चिमाक्का तिच्या पाठीला हात लावत म्हणाली. "आता एकच दरवाजा उघडायचाय, तिकडं ध्यान द्या."

दुपार कलली तेव्हा मुलगी झाली. रक्त थांबेना. चिमाक्काने दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं आणि शंभरदा नाव घेऊन हाक मारली. शेवटी ते थांबलं. पोर रडत होतं, पण आईच्या छातीत तहानेने थेंब नव्हता. मग त्या म्हातारीने काही न विचारता पोर उचललं आणि दाराशी उभ्या असलेल्या तुळसाच्या अंगरख्याचे बंद सोडले. तुळसा भिंतीकडे तोंड करून बसली. दूध सुटलं तेव्हा तिच्या खांद्यांना कंप सुटला होता, आणि तो दुखण्याचा की कशाचा, ते विचारायला कुणी गेलं नाही.

"आता न्हाणं," चिमाक्का म्हणाली. "रोज तीन घागरी ऊन पाणी, कडुलिंबाचा पाला घालून. नाहीतर चौथ्या दिवशी ज्वर येईल. मी लई बायका तशा गेलेल्या बघितल्यात."

पडद्याबाहेर सबनीस त्र्यंबकपंत उभे होते. गडाची हजेरी आणि पाण्याची वाटणी त्यांच्याकडे होती. "तीन घागरी! बाईसाहेब, क्षमा असावी. पाणी शिपायांचं आहे. गड राहिला तर बाळंतिणी राहतील."

"पंत बरोबर बोलतात," अंबूबाई थकल्या आवाजात म्हणाली. "माझ्या वाटचा एक तांब्या मला पुरे."

तेव्हा चिमाक्का तिच्या पायाशी बसली, आणि चढण चढताना जे गिळून टाकलं होतं ते तिने ओकून टाकलं. बेग काय म्हणाला, पारू कुठे आहे, जबाब कसा द्यायचा आहे, सगळं. "मला टाक्यात टाका, कड्यावरून लोटा. पण पोटावरचा हात खोटं बोलायचा नाही, आणि खरं बोललं तर तुमचा गड जाईल. मी करू काय?"

तुळसाचा हात बंदुकीकडे गेला होता. अंबूबाईने पंतांना कोठीकडे धाडलं, आणि ते दूर गेल्यावर हळूच विचारलं, "तुळसा, या न्हाणीघराची मोरी कुठे उघडते गं?"

"पूर्वेच्या कड्यावर, बाईसाहेब. बरोबर बेगाच्या मोर्चासमोर."

"सकाळचं ऊन असतं तिथे."

"असतं."

"चिमाक्का, मी न्हाते. रोज, ऊन आल्यावर. आणि सहाव्या दिवशी तू लेकीच्या पोटावर हात ठेवून खरंच सांग. नऊ दिवसांचं असेल तर नऊ, चारांचं असेल तर चार. एका थेंबाचा फरक करू नकोस." म्हातारीला काही उमगलं नाही तसा अंबूबाईने तिचा हात धरला. "माणूस कानावर विश्वास ठेवतो की डोळ्यांवर, एवढंच बघायचंय."

दुसऱ्या दिवसापासून माणशी अर्धा तांब्या झाला. पोराला पाजणाऱ्या तुळसाला मात्र चिमाक्काने हट्टाने दोन तांबे लावून दिले. रोज सकाळी ऊन कड्यावर आलं की न्हाणीघरातून हळदीने पिवळसर झालेलं पाणी मोरीबाहेर पडे आणि काळ्या कातळावरून झळकत, पाचशे हात खाली, मोर्चातल्या तोफांसमोरच्या धुळीत जाई. छावणीतली माणसं हातातलं काम टाकून बघत. तटावर ओठ फुटलेल्या बायका आवाज न करता त्याच पाण्याकडे बघत. दोन म्हातारे चौथ्या दिवशी उठले नाहीत. पण अंबूबाईच्या अंगाला ज्वर शिवला नाही.

पाचवी पुजली गेली. सहाव्या दिवशी चिमाक्का खाली उतरली.

शामियान्यात पारूला समोर बसवलं होतं. म्हातारीने तिच्या पोटावर हात ठेवला. आतून एक लाथ बसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मोठं टाकं कोरडं आहे, हुजूर. धाकट्यात गढूळ पाणी. आजपासून चार दिवस पुरेल, पाचवा निघायचा नाही."

मीर सआदत बेगाने गादीखालून एक चिठ्ठी काढली. "तुमच्या त्र्यंबकपंत सबनिसांनी काल बाणाला बांधून धाडली. तेही हेच लिहितात. चार-पाच दिवस दम धरा, गड आपोआप पदरात पडेल. शब्द न् शब्द तोच!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ज्या गडावर प्यायला पाणी नाही, तिथे रोज कड्यावरून पाणी ओतून देतात? पाच सकाळी मी या डोळ्यांनी बघतोय! मला इथे पावसाळ्यापर्यंत बसवून ठेवायचं, नद्या चढल्या की मागची वाट तुटेल, मग कोंडून मारायचं, हाच मनसुबा ना?"

"हुजूर, मी खरं तेच..."

"लेकीच्या पोटावर हात ठेवून खोटं बोलणारी आई मी आज पाहिली." त्याने चिठ्ठी तिच्या अंगावर भिरकावली. पहारेकऱ्याची तलवार म्यानातून वीतभर बाहेर आली होती. पारूने आईचा हात पोटाशी आणखी घट्ट धरला. बेगाने त्या दोघींकडे बघितलं, आणि किळस आल्यासारखं तोंड फिरवलं. "हाकलून द्या यांना. असली अवदसा माझ्या छावणीत नको."

छावणीतली माणसं थुंकत होती. आयुष्यात एकदाही पोटावरचा हात खोटा न केलेली ती बाई, खोटारडी ठरून, लेकीला सावरत, पदरात चिठ्ठी बांधून, मान खाली घालून गडाची वाट चढू लागली.

तुळसा पूर्वेच्या बुरुजावर उभी होती. म्हणजे बंदुकीच्या आधाराने भिंतीला टेकली होती. चिमाक्काने तिच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

"पाणी प्यालीस का गं?"

"प्याले की."

"या हाताला खोटं सांगू नकोस."

"हाताला कळलं, मग विचारतेस कशाला?" तुळसा फुटक्या ओठांनी हसली. "तीन घागरी भरेनात, आक्का. धार बारीक झाली असती तर खालून दिसली असती? माझे दोन तांबे वर पडायचे, तेव्हा कुठे ती कड्यापर्यंत पोचायची."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चिमाक्काने आपल्या वाटचं पाणी चमच्या-चमच्याने तिच्या तोंडात घातलं. उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ऊन कड्यावर आलं तेव्हा खाली राहुट्या उतरत होत्या, तोफांना बैल जुंपले जात होते. तुळसाला उचलून तटाशी नेलं. तिने ते पाहिलं असावं, कारण तिने राहुट्या मोजायला सुरुवात केली. सात म्हणाली, आणि पुढे आठ आलं नाही. नदीच्या पाण्याच्या पहिल्या कावडी दुपारी गडावर पोचल्या.

अंबूबाईने संध्याकाळी सदर भरवली. मांडीवर पोर होतं. समोर ती चिठ्ठी होती.

"पंत, अक्षर आपलंच ना?"

त्र्यंबकपंतांनी कमरेचं कलमदान काढून चिठ्ठीशेजारी ठेवलं.

"पाणी शिपायांचं आहे, म्हणाला होतात. ते मात्र खरं बोललात. तुळसाही शिपाईच होती." तिने चिठ्ठी घडी करून ठेवली. "यांना जिवंत खाली सोडा. वाटेत पाणी मागितलं तर द्या."

मग तिने चिमाक्काला विचारलं, काय हवं ते माग. म्हातारी म्हणाली, "मला काही नको. धाकटं टाकं द्या. बाळंतिणींचं, आणि तटावर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या दुखण्याचं. वेढा पडो, नाही पडो, त्याला किल्लेदाराने हात लावायचा नाही. आणि गडाच्या हजेरीत एक सुईण लिहा, दोरा न बांधता बघणारी."

तसं लिहिलं गेलं. ज्येष्ठाच्या सरी येऊन गेल्यावर टाकी भरली, आणि त्याच न्हाणीघरात पारू मोकळी झाली. चिमाक्काच्या हाताला बाळाचं डोकं अचूक लागलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी तिने लेकीला घागरीमागून घागर न्हाऊ घातलं. पिवळसर पाणी मोरीतून गेलं आणि उन्हात चमकत कड्यावरून खाली पडलं. ती उठून झरोक्याशी गेली, आणि सवयीने खाली डोकावली. खाली नुसतं गवत होतं. बघायला कुणी नव्हतं.