बुरशीची खुर्ची

"मॅडम, लवकर या! खुर्ची चोरीला गेली!"

मूल गावच्या ठाण्यात हवालदार जया बोरकुटेंनी फोन ठेवला आणि चहा संपवला. खुर्ची गेली म्हणून रडणारी माणसं त्यांनी निवडणुकीनंतरच पाहिली होती.

ही खुर्ची बुरशीची होती. बंगळुरूहून शिकून आलेला विक्की भाताच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, अळिंबीची बुरशी वाढवून तिच्यापासून दिवे, डबे आणि खुर्च्या घडवायचा. दुपारी परदेशी पाहुणे ही खुर्ची पाहायला येणार होते. शेडची किल्ली होती राखणदार गोकुळाबाईंकडे.

"हिनंच नेली," जयाबाई शेडवर पोचताच विक्की म्हणाला. "आत्ताच कामावरून काढलं मी हिला."

"मी काऊन नेऊ जी?" गोकुळाबाईंनी किल्ली काढून जयाबाईंपुढं धरली. "घरी भुईवरच बसतो मी."

"खुर्ची शेवटची कधी पाहिली?" जयाबाईंनी विक्कीला विचारलं.

"परवा संध्याकाळी. भट्टीत भाजून इथंच ठेवली होती."

"भाजता काऊन? जिवंत वस्तू म्हणता न?"

विक्कीचा चेहरा उजळला. अडाणी पोलिसाला शिकवायची संधी सोडील तो डिझायनर कसला! "अहो, भाजली की बुरशी मरते. खुर्ची पापडासारखी हलकी अन् कोरडी होते. नाही भाजली तर ओली राहते, तिला अळिंबीच्या छत्र्या फुटतात. बेसिक आहे, मॅडम."

"हो, बेसिक," जयाबाई म्हणाल्या.

खुर्चीच्या जागी फळीवर चार पायांचे चार काळे डाग होते, बोटाला अजून दमट लागणारे. भट्टी उघडली तर लसणाचा वास आला. जाळीला कोंबडीचं हाड चिकटलं होतं. मागच्या अंगणात तणसाचा ढीग पौषाच्या उन्हात करकरीत वाळला होता. त्याच्या कुशीतून मात्र करड्या छत्र्यांचा एक घोस डोकावत होता.

जयाबाईंनी दोघांना ढिगापाशी बोलावलं.

"चोर सापडला. मले आत्ताच शिकवून राह्यला होता तोच."

"म्हणजे मी?" विक्की हसायला गेला, जमलं नाही.

"कोरडी खुर्ची ओले डाग पाडत नाई. म्हणजे भाजलीच नाई. काऊन? भट्टीत कोंबडी होती."

"बर्थडे होता माझा..."

"कोंबडी भाजली, खुर्ची राह्यली. मग तिले छत्र्या फुटल्या. पाहुण्याईपुढं नाक कापलं जाईन म्हणून तू लपवली, अन् आळ घेतला बाईवर. बरं, लपवली कुठी? तणसात! बुरशीचं जेवण हाय ते. तू तर तिले पंगतीतच नेऊन बसवलं. वाळल्या ढिगाले छत्र्या येतात का कधी?"

त्यांनी तणस ओढलं. खुर्ची निघाली. बैठकीवर छत्र्या, पाठीवर छत्र्या, हातांवर छत्र्या. विक्कीचं कुठलंच काम आजवर इतकं फुललं नव्हतं.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

"पाहुण्यांना काय सांगू आता?"

"आधी बाईले सांग, उद्या कामावर या म्हणून. हात जोडून."

विक्कीने हात जोडले. गोकुळाबाईंनी डोळे पुसले, छत्र्यांचा सगळ्यात मोठा घोस खुडून पदरात बांधला आणि निघाल्या.

"येतो जी उद्या," त्या वळून म्हणाल्या. "भट्टी तेवढी घासून ठेवा."