रामदासचा कुकारा

जयवंत भायखळ्याच्या बाजारात गेला तो रताळी घ्यायला. नवरात्र होऊन गेलं होतं, एकादशीही नव्हती, त्यामुळे नेहमीच्या भाजीवाल्या मालनने तागडीत रताळी टाकता टाकता त्याला छेडलंच.

"काय वो भाऊ, एकटा जीव आनि एवढी रताळी? उपास कुनाचा धरलाय?"

"डुकराचा," जयवंत म्हणाला.

मालन खो खो हसली. खरं तर त्यालाही हसायला काही हरकत नव्हती, पण हल्ली त्याचं हसणं आणि रडणं दोन्ही कुठेतरी ठेवून विसरल्यासारखं झालं होतं. पिशवी उचलून तो परळच्या बसच्या रांगेला लागला.

जयवंत राहायचा लालबागच्या चाळीत आणि नोकरी करायचा परळच्या एका टॉवरमध्ये, सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून. टॉवर गिरणीच्या जागेवर उभा होता. त्याच गिरणीत जयवंतच्या वडिलांनी जन्मभर कापड विणायचे साचे चालवले होते. आता मुलगा तिथे येणाऱ्या गाड्यांचे स्टिकर तपासत होता, याला प्रगती म्हणायचं की काय ते ज्याचं त्याने ठरवावं. पार्किंगचे सात मजले एकावर एक चढवून त्यांच्या डोक्यावर बाग केली होती. हिरवळ, चाफ्याची झाडं, पोरांसाठी घसरगुंडी. या बागेतली हिरवळ गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी उकरलेली सापडत होती.

"घुशी असतील," सोसायटीचा मॅनेजर सिद्धार्थ म्हणाला होता. पोरगा सज्जन होता, गिरगावातला, बोलायला मऊ. त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. रात्रभर नीट हिरवळ दिसायची, पहाटे काच धुरकट व्हायची आणि धुरकटपणा गेला की माती वर आलेली असायची. मधलं काहीच नाही.

शेवटी शिवाला बोलावलं. शिवा म्हणजे उंदीर, घुशी, माकडं, जे म्हणाल ते पिंजऱ्यात घालून देणारा माणूस. त्याने उकरलेल्या चरात हात घातला, माती हुंगली आणि उठून उभा राहिला.

"साहेब, डुक्कर हाय. गटारातलं नाय, रानातलं. नाकानं नांगरलंय बघा कसं."

"सातव्या मजल्यावर रानडुक्कर? लिफ्टने आलं का?" सिद्धार्थ हसला. पण रहिवाशांनी भंडावून सोडलं होतं, म्हणून म्हणाला, "ठीक आहे, लाव पिंजरा. जयवंतकाका, त्याला काय आमिष लागेल ते आणून द्या प्लीज."

 जयवंतने ते चर पहिल्याच सकाळी ओळखले होते.

ओळखणारच. असे चर बघतच तो गावी लहानाचा मोठा झाला होता. भात पोटरीला आलं की खालच्या वाडीतल्या प्रत्येक शेतात माच उभा राहायचा, चार खांबांवर फळ्या आणि वर माडाच्या झापांचं छप्पर. दिवस मावळला की राखणीला बसायचं. पहिल्या माचावरचा माणूस अंगातला सगळा दम काढून कुकारा घालायचा, "कूऽऽऽऽ!" पुढच्या माचावरून लगेच ओ यायची. मग ओ देणाऱ्याने आपला कुकारा त्याच्या पुढच्या माचाला द्यायचा. असा आवाज शेताशेतांतून वाडीच्या टोकापर्यंत जायचा आणि डुकरं त्याच्या पुढे पुढे पळायची. जिथून ओ आली नाही, तिथे ती उतरायची. पोराटोरांनासुद्धा हा नियम ठाऊक असायचा. झोप लागली होती, ही सबब चालायची नाही.

पुढे एकेक घर मुंबईला आलं. शेतं पडीक पडली, त्यांत रान माजलं, रानात डुकरं माजली. वाडीत माच उरला तो एकट्या रामदासचा, जयवंतच्या धाकट्या भावाचा. त्याने काय करायचं बाकी ठेवलं नाही. फटाके लावले. बंदुकीच्या परवान्यासाठी आणि वनखात्याच्या परवानगीसाठी चपला झिजवल्या. माणसाच्या केसांना डुक्कर बिचकतं म्हणून जयवंत लालबागच्या सलूनमधून पोती भरभरून केस गावी पाठवायचा. शेताभोवती साड्या बांधल्या की डुक्कर आत येत नाही असं कोणी सांगितलं, तेव्हा त्याने रखमाच्या साड्या पाठवल्या. बायको जाऊन वर्ष झालं होतं, कपाटात नुसत्या पडून होत्या. रामदासने त्या कुंपणाला बांधल्या. वहिनी राखणीला उभी आहे म्हणायचा.

आणि रोज तिन्हीसांजेला तो माचावर बसून फोन करायचा.

"ओ दी रे जयवंता. डुकरांका कळांदे, दुसरो माच जागो आसा."

तो तिकडून कुकारा घालायचा, फोनचा आवाज मोठा करून ठेवायचा आणि जयवंत इकडे जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहून ओ द्यायचा. येणारे जाणारे बघायचे. सुरुवातीला जयवंतला लाज वाटायची, मग सवय झाली. गंमत म्हणजे ती ओ ऐकून डुकरं खरंच वळायची, असं रामदास शपथेवर सांगायचा.

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी टॉवरमध्ये आगीच्या सरावाची मीटिंग चालू होती. रहिवासी जमले होते, सिद्धार्थ बोलत होता. रामदासचा फोन आला. जयवंतने कापला. मग करू म्हणाला आणि विसरला.

सकाळी रामदास शेतात सापडला. डुकराने मांडी फोडली होती. उजव्या हातात फोन होता.

जयवंत गावी गेला, दिवसकार्य केलं, आडवं झालेलं भात पाहिलं आणि परत आला. रडला नाही. आपल्याला रडू येत नाही याचंही त्याला वाईट वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं. दर्शना, त्याची मुलगी, गिरगावात फणसवाडीला नवरा स्वप्नील आणि लेकीसोबत राहायची, रोज फोन करायची. बाबा जेवलात का विचारायची, नातीला, उर्वीला, फोनवर द्यायची. तो हो हो म्हणायचा. त्या दोघींखेरीज आता त्याचं कोणी उरलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं.

तर अशा माणसाने रताळी आणून शिवाच्या पुढ्यात ठेवली. दुपारी दोघांनी मिळून चाफ्याखाली पिंजरा लावला. आत रताळी रचली, दाराची कळ ताणून बसवली.

"येईल का रे?" जयवंतने विचारलं.

"रताळं सोडत नाय ते. तुमाला तर म्हाईत असंल, कोकनातले तुमी."

दिवस कलला. खाली पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, त्यांचा आवाज वर येईपर्यंत नुसती घरघर व्हायची. पोरांना आज बागेत बंदी होती. झोपाळा एकटाच लोंबत होता. दोघं बागेच्या दाराशी चहा घेत उभे असताना पाठीमागे पिंजऱ्याचं दार धाडकन पडलं.

दोघं धावले. दार बंद होतं, कळ सुटली होती, रताळी संपली होती. पिंजरा रिकामा. आत ओल्या चिखलाचा वास कोंडला होता, भाताच्या खाचरात येतो तसा. पिंजऱ्याचा तळ मात्र कोरडा होता. आणि गजाला एक चिंधी अडकली होती, मोरपिशी काठाची. तिला सुतळीची गाठ अजून होती. रामदास गाठ मारायचा ती दुहेरी, सुटायला त्रास देणारी.

"साडी हाय कुनाची तरी," शिवा म्हणाला. मग त्याने जयवंतकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका... चला खाली."

"तू हो पुढे."

"सकाळी येतो मी. पिंजरा राहू दे." शिवा मागे न बघता लिफ्टकडे गेला.

जयवंत चिंधी हातात घेऊन उभा राहिला. रखमाने ही साडी दर्शनाच्या साखरपुड्याला नेसली होती. आता आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं. आतून काहीच हललं नाही.

दिवे लागायला अजून अवकाश होता. हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला कठड्याशी गवत दबलं. मग अलीकडचं दबलं. मग अजून अलीकडचं... दिसत काही नव्हतं. फुसफुस ऐकू येत होती, आणि मुळं तुटल्याचा बारीक आवाज. एक नव्हतं, कळप होता.

आणि कठड्याच्या बाहेरून, जिथे सात मजले खोल नुसती हवा होती, तिथून आवाज आला.

"कूऽऽऽऽ!"

रामदासचाच. शेवटाला जरा चिरकणारा.

जयवंतने विचार केला नाही. जन्मापासूनची सवय विचाराला थांबत नाही. छाती भरून घेतली आणि ओ दिली. एक संध्याकाळ द्यायची राहिलेली ती ओ, घसा फाटेस्तोवर दिली.

"ओऽऽऽऽ!"

गवत दबायचं थांबलं. फुसफुस थबकली. मग त्याच्या पायांपासून हातभर अंतरावरून काहीतरी जड वळलं आणि दबलेल्या गवताची वाट मागे, दुसऱ्या अंगाला सरकायला लागली. डुकरं वळली होती. रामदास खोटं बोलत नव्हता. जयवंतला वाटलं, आता रडू येईल. डोळे चुरचुरले सुद्धा.

तेवढ्यात, त्याच दमात, हात तोंडाशी धरून त्याने पुढच्या माचाला कुकारा दिला. ओ दिली की पुढे कुकारा द्यायचा, त्यात ठरवायचं काय? तोंड वळलं ते आपोआप कळप चालला होता त्या दिशेला, दक्षिणेला, भायखळ्याच्या पुढे जिथे गिरगाव आहे तिकडे.

"कूऽऽऽऽ!"

बाग शांत झाली. माती जशी होती तशी राहिली. जयवंत कठड्याला टेकून बसला आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

फोन वाजला. दर्शना होती.

"बाबा, तुम्ही खाली आलायत का?"

"नाही गं. ड्यूटीवर आहे. का?"

"अहो, मग वाडीतून कोण हाक मारतंय? सेम तुमचा आवाज. कूऽऽ करून... काका फोनवर द्यायचे ना, तशी. स्वप्नील पण नाहीये घरी." ती जरा हसली. "मी ओ नाही दिली हं. आई सांगायची ना, तिन्हीसांजेला माणूस दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही म्हणून."

जयवंतचं बरं वाटणं तिथेच गोठलं. रखमाने पोरीला घरातला नियम शिकवला होता. शेतातला शिकवायचं काम त्याचं होतं, आणि मुंबईत तो कशाला लागेल म्हणून त्याने कधी शिकवला नव्हता.

"दर्शना, ओ दे."

"काय?"

"खिडकीत जा आणि मोठ्याने ओ दे. आत्ता. आधी ओ दे, मग सांगतो."

"बाबा... असं काय बोलताय? उर्वी घाबरलीय बघा..."

"ओ दे गं बाय माझी! जिथून ओ येत नाही तिथेच..."

फोनमधून, दर्शनाच्या खिडकीबाहेरून, कुकारा आला. अगदी जवळून. जयवंतने तो स्पष्ट ऐकला. आवाज त्याचा होता आणि त्याचं तोंड बंद होतं.

दर्शनानेही ऐकला.  मग अगदी हळू म्हणाली, "बाबा खाली आहेत... मग फोनवर कोण आहे?"

आणि तिने फोन कापला.

जयवंतने पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बागेतले दिवे एकेक करून लागले, सिद्धार्थ दारातून "काका, सगळं ठीक ना?" म्हणून ओरडला, आणि जयवंत चिंधी मुठीत धरून लावत राहिला. शेवटी कोणीतरी उचलला.

"दर्शना? उर्वी?"

 तिकडून फुसफुस ऐकू येत होती, आणि माती उकरल्याचा आवाज. सावकाश, पोटभर वेळ असल्यासारखा.

दर्शनाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्या घरात मातीची साधी कुंडीसुद्धा नव्हती.