नऊ नंबरची जागा

रेवती ढमालेने चहाचा कप स्क्रीनशेजारी ठेवला आणि पुन्हा एकदा नकाशा उघडला. नऊ नंबरची जागा आजही राखाडीच होती.

धरणाच्या फुगवट्याकाठी, डोंगराच्या उतारावर, तिच्या आणि तिच्या दिराच्या मिळून तंबूंच्या एकतीस जागा होत्या. त्यांतली नऊ नंबरची सगळ्यात देखणी. मागे दोन जुनी जांभळं, पुढे थेट पाणी, स्वच्छतागृह जवळ आणि तरी आडोशाला. ऑनलाइन आरक्षण सुरू झालं की पहिली तीच जायची. यंदाच्या पावसाळ्यापासून मात्र तिला कोणी हात लावेना.

आरक्षणाच्या पानावर गेल्या वर्षी नजरमापक बसवला होता. जागेचं चित्र बघताना माणसाचे डोळे कुठे रेंगाळतात आणि कुठून निसटतात, हे तो त्याच्याच फोनच्या कॅमेऱ्यातून, परवानगी घेऊन, टिपायचा. लोक अर्जात 'शांतता हवी' असं लिहितात आणि निवडतात भलतंच. त्यापेक्षा नजर खरी. सगळ्या नजरांची सरासरी काढून नकाशा रंगायचा. हिरवी जागा म्हणजे आवडती. राखाडी म्हणजे डोळा तिथे अर्धा सेकंदही टिकत नाही.

जूनमध्ये एकटी नऊ राखाडी होती. आता पंधरापर्यंतच्या सगळ्या.

काल तिने एका नेहमीच्या बाईंना फोन करून कारण विचारलं होतं. "नऊ नंबर?" त्या गोंधळल्या. "अशी जागा होती का चित्रात?" नोंदीप्रमाणे त्यांनी ते चित्र तीन वेळा उघडलं होतं.

"वहिनी, त्या यंत्राला लिंबू-मिरची बांधा आता," उत्तम, तिचा दीर, आत येत म्हणाला. "आणि शनिवारी शाळेची सहल येतेय, साठ पोरं. नऊ ते पंधरा त्यांनाच देऊन टाकू. शाळेला कुठे पसंती विचारायचीय?"

"भावजी, जूनपासून चित्रात काय बदललं?"

"काही नाही. उलट मी दर महिन्याला ते सरळ करतो."

"सरळ म्हणजे?"

"जागांची चित्रं घेणाऱ्या आपल्या कॅमेऱ्याचा खांब वाऱ्याने जरासा कलतो. मग पाणी तिरकं दिसतं. तिरकं पाणी बघून गिऱ्हाईक थांबेल का? म्हणून चित्र फिरवायचं आणि पाण्याची रेघ आडवी करायची. दोन मिनिटांचं काम."

रेवतीने त्या दुरुस्त्यांची नोंद काढली. जूनमध्ये अर्धा अंश. जुलैत एक. ऑगस्टमध्ये दीड. परवा अडीच. सगळं एकाच बाजूला, उताराच्या दिशेने.

"वारा चार महिने एकाच बाजूने वाहतो होय?" ती हळूच म्हणाली.

गवंड्याच्या पेटीतला ओळंबा घेऊन ती बाहेर पडली. स्वच्छतागृहाची भिंत गेल्याच वर्षी उत्तमने स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. रेवतीने भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली. वर ती भिंतीला टेकलेली होती. खाली लंबक पायापासून सहा बोटं दूर लोंबत राहिला.

उत्तमच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "पण मी तर रोज बघतो. सरळच दिसते की."

"रोज बघतो म्हणूनच. आपणही तिच्याबरोबर कललोय." तिने जांभळांकडे बोट केलं. "पाणी कधी कलत नाही. तुम्ही पाणी आडवं केलंत आणि झाडं, भिंती, तंबूंच्या काठ्या, सगळं किंचित कललेलं दिसायला लागलं. इतकं किंचित, की कोणाला सांगता येणार नाही. पण डोळ्याला तोल कळतो. लोक त्यातून निसटत होते."

नकाशावरचा राखाडी डाग म्हणजे खाली सरकू लागलेल्या डोंगराची हद्द होती.

शाळेला तिने लगेच 'येऊ नका' म्हणून कळवलं. तालुक्याच्या कचेरीला नोंदी पाठवल्या. सोमवारी माणूस येईल, असं उत्तर आलं. हवामानाचा अंदाज मात्र उद्या रात्रीपासून जोरदार पावसाचा होता. पंचवीसच्या पुढच्या जागा ओढ्यापलीकडे, सलग कातळावर होत्या. तिथल्या भिंतींना ओळंबा चिकटून राहिला.

मग ती नकाशाकडे बघत बसली. राखाडी डाग उतारावरून खाली गेला होता आणि चित्राच्या कडेशी थांबला होता. कडेच्या पलीकडे आंबटवाडी होती. अठरा घरं. तिथे कॅमेरा नव्हता. तिथे राहायची जागा कोणी निवडत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने खांबावरचा कॅमेरा उतरवला, वाडीच्या तोंडाशी नेऊन ओळंब्याने सरळ लावला आणि आरक्षणाच्या पानावर त्या चित्राला नाव दिलं: जागा बत्तीस.

"आमच्या वाडीत कोण तंबू ठोकतंय गं, ताई?" छावणीवर भाकऱ्या करणारी भीमामावशी दारातून हसली.

दुपारपर्यंत चाळीसेक जणांनी चित्र उघडलं. अठराच्या अठरा घरं राखाडी झाली.

रेवतीने मावशीला फोन दाखवला आणि सगळं समजावून सांगितलं.

"आमच्याकडं कुणी बघत न्हाई, हे सांगाया यंत्र लागलं व्हय?"

रेवतीने मावशीच्या चौकटीवरून ओळंबा सोडला. लंबक झुलला, मंदावला आणि उंबऱ्यापासून चार बोटांवर थांबला. मावशीने तो बोटाने उंबऱ्याकडे ढकलून पाहिला. तो परत तिथेच आला.

"मावशी, आजच्या आज ओढ्यापलीकडे चला. सगळी वाडी. तंबू रिकामे आहेत." रेवतीने बत्तीस नंबरशेजारी हिरव्या जागांची चित्रं लावली आणि फोन तिच्या हातात दिला. "तुम्ही पहिल्या निवडा. कुठली हवी?"

कुठे राहायचं, हे मावशीला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिची नजर हिरव्या चित्रांवरून फिरली, कातळावरून, निळ्या तंबूंवरून, आणि आपल्या दारावर येऊन थांबली. शेणाने सारवलेली ओटी, तुळस, वाळत घातलेलं लुगडं. ती बघत राहिली. पापणीसुद्धा लवली नाही.

फोनच्या कॅमेऱ्याने ती नजर टिपली. चाळीस घाईच्या नजरांपुढे ही एकच फार जड होती. राखाडी घरांमधलं ते एक घर हळूहळू हिरवं होऊ लागलं.

मावशीचा चेहरा खुलला. तिने फोन रेवतीपुढे धरला.

"हे बघ ताई, झालं की हिरवं. आता न्हाई ना जावं लागायचं?"