तयार नखाला हात लावू नये

तो दुकानात शिरला तो मुठीत कागदाची पुडी घेऊन. पाठीला गिटार आणि चेहरा असा, की घरात कुणाचं तरी ऑपरेशन आहे. गल्ल्यावरच्या मावशीसमोर त्याने पुडी उलगडली, आणि आत काय असावं? नखाचा मोडका तुकडा! "हे परत जोडता येईल का?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. पेडिक्युअरच्या टबात पाय सोडून बसलेल्या दोन बायकांनी तोंडाला टॉवेल लावला. मावशीने मात्र हसू गिळलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवून सांगितलं, की माझी भाची बघेल.

या भाचीला दुकानात सगळे फिनेल म्हणत, आणि ते काही उगीच नाही. एका गिऱ्हाइकाची नखं घासायची फाइल तिने दुसऱ्याला कधी लावली नाही. प्रत्येक पायानंतर टब घासायचा, औषधाचं पाणी भरायचं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. मग पुढचं गिऱ्हाईक कितीही पाय आपटो. हिच्या लग्नात नवऱ्यामुलालाही ही आधी भिजत घालेल, असं मावशी चारचौघांत सांगायची. पण आठ वर्षांत फिनेलने चढवलेलं एकही जेलचं नख सुटलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, त्याचा तिला चांगलाच ताठा होता.

गिटारवाल्याला तिने बसू दिलं नाही. आधी बेसिन, साबण, नखांखालून ब्रश. तो मुकाट्याने सगळं करून आला आणि मग त्याने आपली कर्मकहाणी सांगितली. शेजारणीच्या दुकानाचं शटर वर करून द्यायला गेला आणि उजव्या अनामिकेचं नख मुळापासून जरा वर मोडलं. शनिवारी दुपारी संगीत महाविद्यालयात वाजवून दाखवायचं होतं. शिक्षकाची एकच जागा, आणि तिची तो चार वर्षं वाट बघत होता. आज गुरुवार होता.

तिने अवजारांचं बंद पाकीट त्याच्या डोळ्यांसमोर फाडलं. त्यावरची पट्टी तपकिरी का, असं त्याने विचारलं. वाफेच्या यंत्रात पुरेसा वेळ तापलं तरच गुलाबी पट्टी तपकिरी होते, तिने सांगितलं. नाही झाली तर पाकीट उघडायचंच नाही. त्याने ते रिकामं पाकीट हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघितलं. लोक तिच्या टेबलाशी बसून मोबाइल बघत. हा मात्र डोळ्यांत प्राण आणून तिचे हात बघत होता. ती थोडी अवघडली.

जिवंत कातडीला धक्का न लावता तिने कड मागे सारली, नखाला चिकटलेला पातळ पापुद्रा काढला, बारीक फाइलने चकाकी घालवली, भुकटी झटकली. शेवटी औषधाचा बोळा फिरवला, तसं नख खडूसारखं कोरडं दिसू लागलं.

"आता याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तुम्हीही नाही, मीही नाही. बोटाचा तेलकटपणा लागला, की वर चढवलेला जेलचा थर सुटतो. मग आत पाणी शिरतं, नख हिरवं पडतं."

"एवढ्याशाने?"

"एवढ्याशाने."

मग तिने न राहवून विचारलं, की गिटारीला नखाने असा काय मोठा फरक पडतो? सांगण्यापेक्षा ऐकवतो म्हणाला. अनामिका जपून बाजूला धरून त्याने गिटार मांडीवर घेतली. एकच तार आधी बोटाच्या मऊ टोकाने छेडली. बंद दाराआडून कुणी बोलावं तसा आवाज आला. मग तीच तार नखाने... आणि दार उघडलं! स्वर सरळ समोर येऊन उभा राहिला. "इथे हात ठेवा," लाकडाकडे मान करून तो म्हणाला. तिने ग्लोव्ह काढला आणि तळवा टेकवला. स्वर लाकडातून तळव्यात शिरला, मनगटातून कोपरापर्यंत चढला. तिच्या अंगावर काटा आला. आठ वर्षं ती नखं घासत होती, रंगवत होती, आणि नखाला गळा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याने गिटार ठेवून हात पुन्हा टेबलावर दिला. तिने तो घेतला — तसाच, उघड्या हाताने — आणि तिचा अंगठा त्या कोरड्या नखावरून फिरला. एकदाच, अगदी हळू. लगेच तिच्या लक्षात आलं. परत पुसायला हवं होतं. पण पुसलं, तर तो विचारणार काय झालं म्हणून, आणि आपल्या तोंडून काय निघेल याचा तिला त्या क्षणी भरवसा नव्हता. तिने नवे ग्लोव्हज चढवले, जेलने नख वाढवलं, दिव्याखाली धरलं आणि त्याला निरोप दिला. फिनेल म्हणवणाऱ्या बाईने अक्कल गहाण टाकली ती अशी.

शुक्रवारी तिचं कशात लक्ष नव्हतं. वहीतला त्याचा नंबर तिने तीनदा लावला आणि तीनदा वाजायच्या आत तोडला. डबा तसाच परत चालला, तेव्हा मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि झाकण लावून टाकलं.

शनिवारी सकाळी दुकान उघडतं न उघडतं तोच तो दारात उभा. जेलच्या थराखाली मसुरीएवढा बुडबुडा आला होता, एक कड उचलली गेली होती. "चूक माझीच," तो घाईने म्हणाला. काल ग्लोव्हज न घालता ढीगभर भांडी घासली, त्यानेच झालं असणार. त्याने तिची सुटका आयती ताटात वाढली होती. नुसती मान हलवली असती, तरी आठ वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. तिला तो मोह झालाही.

"भांड्यांनी नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे सुटलं. परवा मी हात लावला होता... तयार नखाला."

"कशासाठी?"

"काही काम नव्हतं." तिचे कान तापले. "लावावासा वाटला."

तो खाली बघत म्हणाला, "मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? तुमची चार वर्षं पणाला लागली होती!"

"बोललो असतो, तर तुम्ही पुसून टाकलं असतं."

ती उठली, हात धुतले, नवीन पाकीट फाडलं. जुना थर घासून काढला. खाली हिरवा डाग नव्हता, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. नख कोरडं झाल्यावर त्याने श्वास रोखून हात असा अधांतरी धरला, की मावशीला गल्ल्यावर हसू आवरेना. दोघांनी एकमेकांकडे बघायचंही टाळलं. थर पक्का झाला, तशी मावशी म्हणाली, की आता फाइल पर्समध्ये टाक आणि याच्याबरोबर जा, वाटेत आणखी एखादं शटर भेटायचं!

महाविद्यालयाच्या बंद दाराबाहेर ती बाकावर बसली. आत तो वाजवू लागला. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं; पण सगळ्यांत वरचा, सगळ्यांत बारीक स्वर अनामिकेचा, हे त्याने वाटेत सांगितलं होतं. तिने तो शोधला आणि तो सापडला — स्वच्छ, न अडखळता, एकामागून एक. तिचे डोळे भरून आले. आपण तासलेली ती एवढीशी चकती एवढं काही बोलू शकते, यावर तिचा विश्वास बसेना.

तो बाहेर आला. पुढच्या महिन्यापासून रुजू व्हायला सांगितलं होतं त्याला. मग त्याने उजवा हात पुढे केला आणि जरा थांबून विचारलं, "आता... हात लावला तर चालतं?"

तिने आधी त्याचं बोट धरून नखाची कड चारी बाजूंनी तपासली. कुठेही सुटली नव्हती. "चालतं," ती म्हणाली, आणि तपासायला धरलेला हात तिने सोडलाच नाही.