आतल्या भिंतीची ओल

दुसऱ्याच्या घरात पाय ठेवला की मोतीलाल आधी भिंत हुंगायचा, मग माणसांकडे बघायचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्याने हाडे झिजवली होती. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडे बदली करत होते, गेला नाही. आता निवृत्त होऊन वरठीला स्वतः बांधलेल्या घरात राहत होता. ओल आली की लोक त्याला बोलवायचे आणि हा पठ्ठ्या त्यांची अक्कल काढून परत यायचा.

"भिंत ओली झाली का चुना फासा, चुन्यावर रंग फासा, अन् रंग फुगला का वरून कॅलेंडर टांगा! गधेहो, गळू पिकलं तर पावडर लावता काय बे?"

शेजारच्या भय्याजीला तर त्याने चारचौघांत सुनावले होते, की तुह्या घरापेक्षा बैलाचा कोठा बरा, निदान वारा तरी लागते.

आणि घ्या, त्याच मोतीलालच्या घरात बुरशी उगवली. तीही मागच्या खोलीत, मोनिकासाठी राखून ठेवलेल्या. मोनिका त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिला लहानपणापासून दमा. बुरशीच्या खोलीत दमेकरी बाळंतीण आणि तान्हे लेकरू ठेवले तर काय होते, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. जगाला तोच सांगत फिरायचा.

"तूच ओले कपडे आत वाळू घालत असशील," तो बायकोवर उखडला.

"मी कायले घालू?" शोभाताई म्हणाल्या. "आंगन काय मेलं?"

मोतीलाल तपासायला बसला. जमिनीतून चढणारी ओल भिंतीवर पांढरा खार सोडते, तो नव्हता. गळक्या पाण्याच्या डागाला पिवळी कड असते, तीही नव्हती. भिंत घराच्या मधोमध, जवळ ना नळ ना मोरी. नुसते बारीक काळे ठिपके, जमिनीपासून वीतभर उंचीवर दाटलेले. त्याने नाकाला दुपट्टा बांधला. ठिपके आधी ओले केले, कारण कोरडे झाडले तर बुरशी घरभर उडते आणि हे मूर्खांना कळत नाही. मग तारेच्या ब्रशने खरवडले, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसले, आणि खोलीला कुलूप घातले. काही दिवसांनी उघडले तर ठिपके जागच्या जागी.

मग त्याने तिथे प्लास्टिकची पन्नी लावली, चारी कडांना टेप. साधा हिशेब आहे. पाणी पन्नीच्या मागे साचले तर ओल भिंतीतली, पुढे साचले तर खोलीतल्या हवेतली. दुसऱ्या सकाळी थेंब पुढच्या बाजूला होते.

हवेतली ओल कशाने येते हे त्याला पाठ होते. चुलीच्या वाफेने, ओल्या कपड्यांनी, नाहीतर बंद खोलीत निजणाऱ्या माणसांच्या श्वासाने. खोलीत ना चूल होती, ना कपडे.

"चाबी कोणाले देते तू?" त्याने विचारले.

"कोणालेच नाई." शोभाताई जरा घुटमळल्या. "पण एक सांगू? आत कोणीतरी झोपते. कुलूप खोलून झाडू माराले गेली का पायाले गरम हवा लागते."

"तुह्या माहेरचं असन कोणी. त्यायलेच फुकटात झोपाची सवय."

शोभाताई हसल्या नाहीत.

जेवण झाल्यावर भर दुपारी तो आत गेला, दार लावले आणि टॉर्च घेऊन पन्नीसमोर फरशीवर आडवा झाला. बाहेर उन्हात कोणाची तरी मोटारसायकल फटफटत गेली. पन्नीवर तळहाताएवढा भाग धूसर झाला. मग हळूच निवळला. पुन्हा धूसर झाला.

आपलाच श्वास, मूर्खा, असे म्हणून त्याने नाक-तोंड दाबून धरले.

पन्नी धूसर झाली. निवळली. धूसर झाली.

त्याने बोट पुढे नेले. बोटाला ऊब लागली.

मोतीलाल घाबरला. पण भीतीपेक्षा त्याला संताप आला. त्याच्या घरात, त्याच्या लेकीच्या खोलीत, न विचारता!

"श्वास घेते काय बे?" तो त्या भिंतीला म्हणाला. "घे. पाहू किती घेते."

जन्मभर लोकांना 'खिडक्या उघडा' म्हणून शिव्या घातलेल्या माणसाने पुट्टीचा डबा आणला. खिडकीच्या फटी बुजवल्या, झरोका बुजवला, बाहेर येऊन दाराची चौकट चहूबाजूंनी टेपने बंद केली.

शोभाताई पदर तोंडाला लावून दारासमोर उभ्या राहायच्या.

"अवो, उघडा नं. बाहेर असून मलेच गुदमरून राहिलं."

"गुदमरू दे," तो म्हणायचा आणि चहा मागायचा.

शेवटी उघडले तेव्हा पन्नी कोरडी ठणठणीत होती. ठिपके राखेसारखे झाले होते, बोट लावताच गळून पडले. त्याने चुना मारला, खिडकी सताड उघडली, आणि कुंपणावरून भय्याजीला हाक मारली. "ये, पाहून जा! इलाज याले म्हणतात!"

मोनिका आली, त्या खोलीत निजली. दम्याने एकदाही उचल खाल्ली नाही. यथावकाश भंडाऱ्याच्या दवाखान्यात ती मोकळी झाली. मुलगा झाला.

अंजू नावाची नर्स हसतच बाहेर आली. "आजोबा, नातू भलता न्यारा हाय तुमचा. लेकरं आल्या आल्या रडतात. हा रडलाच नाई. आधी दम घेतला, असा लंबा! जसं कोणी तोंड दाबून ठेवलं होतं अन् आताच सोडलं."

मोतीलाल शोभाताईंबरोबर आत मोनिकाच्या खाटेपाशी गेला. त्याने बाळ हातात घेतले. बाळाने डोळे उघडले. दुपट्यावरून दिसणारी इवलीशी छाती हलायची थांबली. तो वाट बघत राहिला. छाती हलेना.

"द्या इकडे!" शोभाताईंनी बाळ ओढून घेतले. छाती लगेच हलू लागली.

"काहून, काय झालं?" खाटेवरून मोनिका म्हणाली. "घ्या नं बाबूजी. तुमाले किती हौस होती."

मोतीलालने पुन्हा हात पुढे केले. हात लागायच्या आधीच बाळाने त्याच्याकडे बघत तोंड मिटून घेतले.