क्रांतीच्या मागची सीट

पेठ नाक्याजवळच्या रसवंतीसमोर लांब पल्ल्याची एक भलीमोठी टूरिंग मोटारसायकल येऊन थांबली आणि थांबल्या जागीच हळूहळू कलंडली. वरच्या माणसाचा पाय चिपाडावर पडला होता. त्यानं दातओठ खाऊन तोल सावरू पाहिला, पण दोनशे किलोचं धूड, ते काय ऐकतंय! गाडी निवांत आडवी झाली आणि तो शेजारी असा उभा राहिला, जसं काही त्यानंच तिला निजवलं होतं.

क्रांतीला हसू आवरेना. कुपवाडला कारखान्यात लेथ मशीन चालवणारी पोरगी; रविवार म्हणून आपली छोटी, बिनकाचेची नेकेड स्ट्रीट मोटारसायकल घेऊन बाहेर पडली होती. रसाचा ग्लास ठेवून ती पुढं आली.

"हँडल धरून ओढू नका. सीटला पाठ लावा, गुडघ्यात वाका, आन् पायांच्या जोरानं रेटा."

"फौजेत हाय मी. कळतंय मला."

"फौजेत गाडी पाडायला शिकवत्यात व्हय?"

तो फुरंगटला, पण त्यानं पाठ लावली. तिनंही लावली. गाडी उभी राहिली.

नाव इंद्रजित, गाव कराडजवळचं मलकापूर, महिन्याची सुट्टी. एवढं एका ग्लासात कळलं. दुसऱ्या ग्लासाला तो तिच्या गाडीकडं बघून म्हणाला, "ही अशी उघडीबोडकी का? ना पुढं काच, ना सामानाच्या पेट्या..."

"लपवायसारखं काय न्हाईच तिच्यात. गल्लीत वळती, बाजारात शिरती. तुमची वळवायची तर माळरान लागंल."

"पर एकदा टाकी भरली की थेट गोवा. वारा लागत न्हाई, कंबर धरत न्हाई."

"वारा नको तर घरात खुर्चीवर बसावं की माणसानं!"

तो खळखळून हसला. त्याच्या पापण्यांवर धूळ बसली होती, आणि ती पुसावी असं क्रांतीला उगाच वाटून गेलं.

पैज लागली. कासेगावपर्यंत गाड्यांची अदलाबदल. मोठ्या गाडीवर तिच्या पायांची नुसती बोटं टेकत होती. कंबर एका बाजूला सरकवून तिनं एक पाऊल पुरतं रोवलं आणि निघाली. उंचावरून रस्ता वेगळाच दिसत होता. खड्डे होते, पण बोचत नव्हते. मागून इंद्रजित आला तो डोळ्यांतून पाणी गाळत.

"वारा छातीवरच येतोय की! पर... लय गोड हाय."

"कोण?"

"गाडी. गाडीच म्हणालो."

पुढचे तीन रविवार त्या दोन गाड्या एकामागं एक धावल्या. तिसऱ्या रविवारी वाईच्या घाटावर, कृष्णेत पाय सोडून बसल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुवारी सुट्टी संपतीया. बुधवारी आईला भेटायला येशील?"

ती हसून त्याच्याकडं वळली. पण तो पुढं बोलला, "मी न्यायला येतो. माझ्यामागं बस. पारावर चुलते बसलेले असत्यात... बरं दिसतं."

क्रांतीनं पाण्यातून पाय काढले. मागच्या वर्षी एक स्थळ आलं होतं. पाहुणे म्हणाले, लग्नानंतर मुलीनं गाडी चालवायची नाही. ते स्थळ तिनंच मोडलं होतं.

"मी कुणाच्या मागं बसून सासरच्या दारात जाणार न्हाई," ती म्हणाली. "पटलं तर बघा."

दोन दिवस लेथवर तिची मापं चुकत राहिली. फोन वाजला नाही.

बुधवारी साडेतीनला कारखान्याची पाळी सुटली. फाटकापाशी इंद्रजित उभा होता. गाडीविना. एस.टी.नं आला होता.

"गाडी?"

"घरी. मला सोडतीस का मलकापूरला? आई वाट बघतीया."

"मागं बसणार?"

"बसणार."

"पारावर चुलते असतील."

"असू देत. म्हणूनच दिवसाउजेडी आलोय."

तो मागं चढला. "आगं, ही सीट हाय का पाटी? वीतभर न्हाई!"

"धरून बसा."

"कुठं?"

तिनं क्लच सोडला. गाडी एकदम पुढं उडाली आणि त्याला तिचा खांदा आपोआप सापडला.

मलकापूरच्या पारावर चुलत्यांतल्या नाथाजीकाकांनी हाळी दिली, "इंद्रा, लेका, पोरीच्या मागं? गाडी इकलीस व्हय?"

"न्हाई आवं, काका! लगीन झाल्यावर बी असाच दिसणार हाय. आत्ताच बघून घ्या!"

पार खदखदला. आरशात क्रांतीला त्याचे लालबुंद कान दिसले; खांद्यावरचा हात मात्र तसाच होता.

दारासमोर तिनं गाडी बंद केली. "लग्नाचं पारावर सांगून मोकळे झालात. मला कवा इचारणार?"

तो उतरून समोर आला. "तुलाच इचारायचं भ्या वाटतंय... करशील?"

क्रांतीनं ओसरीकडं बघितलं. फौजेची बॅग, वळकटी, आईनं बांधलेला लाडवांचा डबा. सगळं भिंतीशी तयार होतं. मोठी गाडी अंगणात उभी होती.

"उद्या कराड स्टेशनावर कसं जाणार?"

"रिक्षानं."

"कशाला? पर एवढं सामान माझ्या गाडीवर मावायचं न्हाई." तिनं हात पुढं केला. "तुमच्या गाडीची किल्ली द्या. मी सोडते. आन् तुमी लग्नाला माघारी येईस्तवर ती मीच चालवणार. नुसती उभी ठिवली तर बॅटरी उतरती."

इंद्रजितनं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली... आणि हात काही लगेच काढून घेतला नाही.