दोनशे सातवी गाठ

शेवंतीबाईंच्या पोटातून निघालेली दोरी जनुकवाचक यंत्राच्या पडद्यावर सरकत होती आणि डॉ. शलाका तांडेल खुर्चीच्या कडेवर बसून ती वाचत होती. सहा गाठी कोऱ्या, सातवी लाल. पुन्हा सहा कोऱ्या, सातवी लाल. इतका नियमितपणा सोनघळ गावात कशालाच नव्हता. इथली बस वेळेवर यायची नाही, पाणीसुद्धा कधी सहाला यायचं, कधी आठला.

शेवंतीबाई या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्या धुवत होत्या. पावसाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की त्यांची मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करताहेत. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर बाई चक्क फणकारल्या होत्या. "पाण्याचं नाव काढू नका. आमच्या घरात लॅबचं पाणी येतं!"

खरंच येत होतं. रोज संध्याकाळी बाई निळी कॅन भरून घरी न्यायच्या. आणि न्या म्हणून सांगितलं कुणी होतं? शलाकानेच. दोन वर्षांपूर्वी तिची जीवगाळणी सुरू झाली त्या दिवशी आनंदाच्या भरात ती म्हणाली होती, "मावशी, गावात याच्याइतकं स्वच्छ पाणी दुसरं नाही. गाळणीतून निघाल्यावरचा पहिला नळ आपला." आता पडद्यावरचा एकेक लाल मणी तिला तिचंच ते वाक्य ऐकवत होता.

"एवढं सगळं माझ्या पोटात लिहिलंय?" मागे उभ्या असलेल्या शेवंतीबाईंनी विचारलं.

"तुमच्या पोटातल्या जंतूंत लिहिलंय, मावशी. गाळणीच्या वाळूवर आपण जंतू वाढवलेत ना, नदीतली घाण खाणारे? त्यांना मी आठवण दिली आहे. त्यांच्या जनुकात एक दोरी आहे. रोज एक गाठ बसते. त्या दिवशी विष भेटलं तर गाठीऐवजी लाल मणी."

"पण ते वाळूत. माझ्या पोटात कसे?"

"थोडे पाण्याबरोबर येतातच. दह्यातल्या जंतूंसारखे निरुपद्रवी असतात. नगरसभेने तसा ठराव करूनच परवानगी दिली. एकदा आतड्यात मुक्काम केला की वर्षानुवर्षं राहतात, पोरं झाली की त्यांना दोरीची नक्कल देतात आणि शरीराच्या घड्याळावर रोज गाठ मारत बसतात. तुम्ही चांगलं पाणी प्यालात तर कोरी. विषारी प्यालात तर लाल."

"म्हणजे दर आठवड्याला एकदा लाल," बाई म्हणाल्या. "वार कुठला?"

शलाकाने मागे मोजलं. आज शुक्रवार, २७ ऑक्टोबर. सर्वांत नवी गाठ लाल, म्हणजे कालची. गुरुवार. तिला संताप आला.

कुंडी नदीवर जलतपास प्राधिकरणाने अकरा जलनेत्रं बसवली होती. पाण्यात बुडवलेले काचेचे डोळे. क्षणाक्षणाची नोंद थेट मुख्यालयात. मात्र काचेवर शेवाळ धरतं. म्हणून दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा सगळे डोळे बंद करून पुसायचे, असा नियम होता. शिवाय कारभार पारदर्शक हवा म्हणून हे वेळापत्रक प्राधिकरणाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं. चोराला घर कधी रिकामं असतं ते आपणच कळवायचं, वर कळवल्याबद्दल आपली पाठ थोपटून घ्यायची! नदीच्या वरच्या अंगाला इंद्रायुध रंगद्रव्यांचा कारखाना होता. तिथे निघणारा नीलबंध हा पदार्थ गाळणीतले जंतू ओळखत होते, पण त्यांना तो पचत नव्हता. गाळणीची वाळू दर महिन्याला बदलून जुनी भट्टीत टाकत. एवढे अकरा डोळे असताना वाळूची दोरी वाचावी असं कुणाला सुचलंच नव्हतं. शलाकालाही नाही.

ती छापील तक्ता घेऊन प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. दिगंबर केळुसकर यांच्या खोलीत गेली. सरांनी तांब्याच्या बाटलीतून एक घोट घेतला. पित्त वाढल्यापासून ते घरूनच पाणी आणत. तक्त्याला त्यांनी हातही लावला नाही.

"सर, शेवंतीबाईंच्या दोरीत दर सातव्या गाठीला नीलबंध आहे."

"तुलनेचा नमुना कुठाय?"

"सर, आधी बघा तरी..."

"शलाका, तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवतोय. ज्याला विष लागलं त्याच्याबरोबर ज्याला लागलं नाही तोही तपासायचा. एका बाईच्या पोटावरून तू कारखाना बंद करणार? उद्या म्हणशील वांग्याच्या भाजीतून आलं."

"मग दोनशे जणांचे नमुने घेते."

"घे की," सर हसले. "आणि तुलनेचे विसरू नकोस."

शलाकाला त्यांचा राग आला, तरी त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं हे तिला नाकारता येईना. तिला घडवलं होतं ते याच माणसाने. प्रयोगशाळेतून निघणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं, हा रिवाजही तिने कधी मनाला लावून घेतला नव्हता. मागच्या वर्षीचा निबंध तिने त्यांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी पहिल्या पानावर आपलं नाव पाहिलं, "छान झालाय" म्हणाले आणि सही केली. सगळ्याच प्रयोगशाळांत असंच चालतं.

पुढचा महिना ती आणि शेवंतीबाई गावभर डब्या वाटत फिरल्या. लोक आधी लाजले, मग थट्टा करू लागले, आणि कशासाठी ते कळल्यावर डब्या भरून परत देऊ लागले. सोनघळमध्ये पाय सुजलेली माणसं एकट्या शेवंतीबाईंच्या गल्लीत पाच निघाली.

शलाकाच्या अर्जावर प्राधिकरणाने जनसुनावणी लावली. निवृत्त न्यायाधीश रजनी बोंगिरवार अध्यक्ष. तोवर गावाला प्यायला दुसरं पाणीच नव्हतं. निकाल शलाकाच्या बाजूने लागला तर कुंडीचं पाणी थांबवून पलीकडच्या धरणाची वाहिनी गावाला मिळणार होती. विरुद्ध लागला तर इंद्रायुधच्या दुसऱ्या विभागाला परवानगी तयारच होती, आणि शेवंतीबाईंची कॅन रोज तशीच भरणार होती. चौकशी फक्त गेल्या तीन महिन्यांची. का, तर छापील अर्जात तेवढेच रकाने होते.

सोमवारी, ४ डिसेंबरला सगळ्यांचे नमुने पंचांसमोर मोहोरबंद झाले. दोनशे बारा गावकऱ्यांचे, आणि कंपनीने मागणी केल्यावरून तुलनेसाठी आणखी वीस, कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतले. "आम्ही सोनघळच्या नळाचंच पाणी पितो," असं प्रतिज्ञापत्र विसांनीही दिलं. तटस्थ तज्ज्ञ म्हणून प्राधिकरणाने केळुसकर सरांनाच नेमलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर आपलीही डबी पुढे केली. "मी काही आकाशातून पडलेलं पाणी पीत नाही. माझाही घ्या. एकविसावा."

शुक्रवारी नगरसभेचं सभागृह खच्चून भरलं. गावकऱ्यांच्या दोऱ्या वाचून झाल्या. नव्वद गाठींत तेरा लाल मणी, जवळजवळ प्रत्येकात, सगळे गुरुवारचे.

कंपनीचे वकील सबनीस शांतपणे उठले. "मणी आहेत हे मान्य. मात्र ते पाण्यातून आले असतील, तर तेच पाणी पिणाऱ्या आमच्या अधिकाऱ्यांत ते दिसायला हवेत. दिसले नाहीत तर दोष यांच्या खाण्यात आहे, पाण्यात नाही. केळुसकर साहेब, बरोबर?"

"शास्त्राप्रमाणे बरोबर," सर म्हणाले. "या जंतूंच्या दोरीत नव्वद गाठी मावतात. नवी बसली की सर्वांत जुनी गळून पडते. म्हणजे नेमके चौकशीचे तीन महिने. विषाचा एकही कण पोटात गेला असेल तर या नव्वदांत लपणार नाही."

शलाकाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. नव्वद? नव्वद गाठी तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या जंतूंत होत्या. गाळणीत सोडले ते सुधारलेले होते, हजार गाठींचे. ते तर मागच्या वर्षीच्या निबंधात... सरांनी तो वाचलाच नव्हता. आणि आपल्या नव्वद गाठी कोऱ्याच निघणार अशा खात्रीने त्यांनी डबी इतक्या ऐटीत पुढे केली, ती कशाच्या जोरावर? तो प्रश्न तिला स्वतःला विचारावासाही वाटेना.

ती उभी राहिली. "माझी एकच विनंती आहे. नव्वदाला यंत्र थांबवू नका. दोरी संपेपर्यंत वाचू द्या."

"पुढे काही नाहीच, तर थांबवायचं काय?" सर प्रेमळपणे म्हणाले. "वाचू दे की."

न्यायाधीशांनी मान डोलावली. एकवीस दोऱ्या पडद्यावर शेजारी शेजारी सरकू लागल्या. दहा, तीस, साठ, नव्वद. सगळ्या कोऱ्या. कंपनीच्या बाकांवर टाळ्या वाजल्या, सबनीसांनी कागद आवरायला घेतले. यंत्र थांबलं नाही. शंभर. दीडशे. टाळ्या विरल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

दोनशे सातव्या गाठीला एकवीसच्या एकवीस दोऱ्या लाल झाल्या.

मग दोनशे चौदाव्याला. दोनशे एकविसाव्याला. असे अकरा मणी, आणि त्यामागे पुन्हा कोरं.

"याचा अर्थ सांगा," न्यायाधीश म्हणाल्या.

"आजवर मी सांगत होते की पाण्यात विष आहे," शलाका म्हणाली. "ते गावकऱ्यांच्या दोऱ्यांनी सांगितलं. या दोऱ्या वेगळं सांगतात. विष मार्चच्या पहिल्या गुरुवारी सुरू झालं. तेव्हा ही माणसंही आमच्यासारखीच पीत होती. दोनशे सातवी गाठ म्हणजे गुरुवार, ११ मे. पुढच्या गुरुवारी यांच्यातल्या एकाच्याही पोटात विष गेलं नाही, आणि नंतर कधीच नाही. वेगवेगळ्या घरांतली एकवीस माणसं एकाच आठवड्यात नळाचं पाणी सोडतात, अध्यक्षबाई. हे योगायोगाने होत नाही. यांना कुणीतरी सांगितलं. यांना माहीत होतं! सात महिने माहीत होतं!"

सभागृहात एकच गलका उठला. तो शमेपर्यंत कंपनीच्या बाकांवरून एक बाई उठल्या होत्या. सुरक्षा अधिकारी अनघा तुळपुळे, प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्या विसांतल्या एक. त्यांनी सबनीसांकडे पाहायचं टाळलं.

"पंधरा मेला वसाहतीत निरोप आला," त्या म्हणाल्या. "घरच्या नळाचं पाणी वापरू नका, कंपनी टाकी पाठवेल. बाहेर बोललात तर नोकरी जाईल. नदीच्या पाण्यात नीलबंध सापडला, असा गुप्त अहवाल कंपनीला आला होता." त्या थांबल्या. "अहवालावर सही केळुसकर साहेबांची होती."

म्हणजे सरांनी शोधलं होतं. सर्वांत आधी, सर्वांच्या आधी. तुलनेचे नमुने घेऊन, अगदी शास्त्राप्रमाणे. आणि मग सांगितलं कुणाला, तर ज्यांनी विष सोडलं त्यांना. दहा पावलांवर नळाखाली बाटली धरणाऱ्या शलाकाला नाही. शलाकाच्या पोटात चाळीस मणी होते, हे तिने कालच पाहिलं होतं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही.

"दोरीत नव्वदच गाठी असतात," सर पुटपुटले. "यंत्रात काहीतरी चूक आहे."

शलाकाने मागच्या वर्षीचा निबंध न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला. "पान सहा, दुसरा परिच्छेद. हजार गाठी. वर लेखकांची नावं आहेत. पहिलं सरांचं."

न्यायाधीशांनी पान सहा वाचलं. मग पान एकवरचं नाव वाचलं. "डॉक्टर केळुसकर, आपल्याला काही सांगायचं आहे?"

सर काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून शेवंतीबाई उठल्या. सुजलेल्या पायांनी त्यांना पुढे यायला वेळ लागला. हातात निळी कॅन होती. सुनावणीनंतर नेहमीसारखी भरून न्यायची म्हणून त्या ती घेऊनच आल्या होत्या. त्यांनी ती सरांच्या समोर ठेवली. शेवंतीबाईंचा आवाज चढलेला नव्हता. बावीस वर्षं त्या सरांशी ज्या अदबीने बोलत आल्या, त्याच अदबीने त्या बोलल्या.

"सर, माझी आधीची कॅन पाच लिटरची होती. ती फुटली तेव्हा तुम्ही ही घेऊन दिलीत. तुमच्या पैशांनी. मी घरी सगळ्यांना सांगितलं, आमचे सर देवमाणूस." त्यांनी कॅनच्या झाकणावर हात ठेवला. "शाळा सुरू झाल्या तो आठवडा होता. जून महिना. तुम्ही म्हणालात, दहा लिटरची घेतली आहे, म्हणजे नातवंडांनाही पुरेल."